साहेब गेला आणि मजा पातळ झाली

प्रश्न : अण्णा, गेल्या रविवारी आमच्या पोरानं ‘हॉरिबल बॉसेस’ लावला. तीन दोस्त, तिघांचे तीन छळवादी साहेब, आणि त्या साहेबांना उडवायचा बेत. मी बेळगावच्या उद्यमबागेत, त्या कारखान्यांच्या वसाहतीत, मशीन शॉपला बावीस वर्षं काढलीत, हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. लगेच दुसरा भागही बघून टाकला. हसलो भरपूर, पण उठताना काहीतरी कमी पडल्यासारखं वाटलं. मुलगा म्हणतो, हसलात ना, मग झालं की! तुम्ही सांगा, दुसरा भाग फसलाय की नाही? — एक वाचक, अनगोळ

उत्तर : फसलाय की! आणि मी तो दोनदा बघितलाय.

तुम्ही उद्यमबागेतले, म्हणून तिथलंच सांगतो. मी एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, अकरा वर्षं डिस्पॅच, म्हणजे माल रवाना करायचं खातं, सांभाळला. टिळकवाडीच्या तिसऱ्या रेल्वे गेटवर तेव्हा पूल नव्हता. आठची पाळी, आणि नेमकं पावणेआठला गेट पडायचं. आमचे साहेब दारात घड्याळ बघत उभे. ‘‘आठ वाजून चार मिनिटं. अर्धा दिवस खाडा.’’ ‘‘सर, गेट पडलं होतं.’’ ‘‘गाडी टायमात आली ना? मग तुला काय झालं?’’ याला काय उत्तर द्यायचं ते मला अकरा वर्षांत सुचलं नाही. रात्री सायकलवरून घरी जाताना मात्र एकसे एक सुचायची.

२०११ च्या पहिल्या भागात तिघांतला निक दोन मिनिटं उशिरा येतो आणि केव्हिन स्पेसीनं रंगवलेला साहेब त्याला ती दोन मिनिटं ऐकवतो, तेव्हा मला तिसरं गेट दिसलं. बढतीचं गाजर दाखवून ती जागा साहेब स्वतःच घेतो, तेव्हा तर मी खुर्चीवर थाप मारली. ज्यानं त्यानं आपापला साहेब मनात घेऊनच तो सिनेमा बघायचा. दिग्दर्शकाचं निम्मं काम तिथंच झालं.

२०१४ च्या दुसऱ्या भागात हे तिघे नोकरीला रामराम ठोकून स्वतःच मालक होतात. शॉवरमधून पाण्याबरोबर शाम्पूही येईल असं यंत्र काढतात. एक बडा व्यापारी एक लाख नगांची ऑर्डर देतो. ॲडव्हान्स शून्य. हे कर्ज काढतात, माणसं घेतात, माल तयार करतात, आणि ऑर्डर रद्द! हे बुडाले की तोच माल तो मातीमोलानं उचलणार. व्यापारी झालेला क्रिस्टोफ वॉल्ट्झ हे सगळं इतक्या थंडपणे सांगतो, जणू चहात साखर किती विचारतोय.

इथं मी सरसावून बसलो. आमच्याकडं एकदा असंच झालं होतं. पॅटर्न, कोअर बॉक्स असे ओतकामाचे साचे झाले, दीड टन ओतीव माल घासून साफ करून रचून ठेवला, आणि फोन आला, ‘‘ड्रॉइंग बदललंय.’’ आठवड्यानं त्याच पार्टीचा माणूस विचारतो, भंगारात काढणार असाल तर काय भाव? त्या दिवशी आमचे साहेब डिस्पॅचमध्ये आले, उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसले आणि म्हणाले, ‘‘चहा सांग रे दोन.’’ दोन! अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्याही डोक्यावर कुणीतरी घड्याळ घेऊन उभा असतो, हे मला तोवर कळलंच नव्हतं.

सिनेमाच्या हातात नेमकं हेच आलं होतं. कालचे नोकर आज मालक. आपल्या कामगारांशी ते कसे वागणार? साहेबाच्या वरचा साहेब कसा असतो? पण हे सगळं सोडून गोष्ट त्या व्यापाऱ्याच्या पोराला पळवायला धावते. पोरगाच कटात सामील होऊन पाच लाख डॉलरची खंडणी पन्नास लाखांवर नेतो. क्रिस पाइननं ते काम मजेत केलंय, नाही म्हणत नाही. पण अपहरणाचे घोळ आपण शंभर ठिकाणी बघितलेत. गंमत बघा, पहिल्या भागातला साहेब स्पेसी तुरुंगात काचेपलीकडून दोन वेळा येतो, तिघांना मूर्ख ठरवतो, आणि सिनेमा ताडकन जागा होतो. साहेब परत आला ना!

हसू येतं ते तिघांमुळं. एकाच वेळी तिघंही बोलतात, खडेबाजारात गाडी कुठं लावायची यावर भांडणाऱ्या भावांसारखे. त्यात तिघांतल्या चार्ली डेचा तो चिरका आवाज. त्याचे पैसे वसूल. बाकी पहिल्यानं जगभरात वीस कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला, दुसऱ्यानं जेमतेम त्याच्या निम्मा. तेव्हा घरच्या वादात तुमच्या बाजूनं बरीच माणसं आहेत, एवढं मुलाला सांगा.

प्रश्न : मुलगा दहावीला आहे. सुट्टीत हे दोन्ही सिनेमे सगळ्यांनी मिळून बघावेत का? — एक वाचक, खानापूर

उत्तर : नको. जेनिफर ॲनिस्टननं यात दातांच्या डॉक्टरीण बाई केल्यात. त्या तोंड उघडतील तेव्हा पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात कुणी पळायचं, यावरून तुमच्यात आणि वहिनींत भांडण लागेल.