सही करण्याआधी चौघं एकदा बसा

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि तुमच्या बँडच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ दोन्ही मिळाले. व्हिडिओ किती लोकांनी पाहिला तो आकडा तू पत्रात दोनदा लिहिला आहेस. मी मात्र तो पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिला तो एका जागेसाठी. तिसऱ्या गाण्यात दुसरा अंतरा सुरू व्हायच्या तोंडावर तुझी तार तुटली. तू गिटार बदलायला मागे वळलास, ड्रमर बिचकला आणि त्याची लय पळायला लागली. तेवढ्यात तुमची बास गिटार वाजवणारी मुलगी त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली आणि एकच खर्जातला सूर धरून बसली. आठ मात्रा, पुन्हा आठ मात्रा, मानेने ठेका दाखवत. ड्रमर तिच्या लयीवर परत आला आणि तू माइकपाशी पोचलास तेव्हा गाणं तुझ्यासाठी थांबलेलं होतं. समोरच्यांना वाटलं असेल, हे असंच बसवलंय.

असं एकमेकांना सांभाळून घेणारा बँड मी फार दिवसांनी पाहिला. मला फार आनंद झाला, आणि काळजीही वाटली, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तू विचारलंस, "दादा, रेकॉर्ड कंपनीने करार पाठवलाय, सही करू का?" करार आधी अशा करारांची माहिती असलेल्या वकिलाला दाखव, त्यात घाई नको. पण पत्रात तू जागोजागी "माझं गाणं" असं लिहिलं आहेस. शब्द तुझे, चाल तुझी, हे खरं. लोक मात्र ते गाणं सुरुवातीच्या बासच्या तुकड्यावरून ओळखतात. तो तुकडा कोणी बांधला? आणि त्या मुलीचं नाव गाण्यावर लागणार आहे का?

हे नीट समजून घे. एका गाण्यात दोन वेगवेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल, म्हणजे रचना, हा एक. तिचे पैसे ज्यांची नावं लावली असतील त्यांना जातात. ध्वनिमुद्रण हा दुसरा. कंपन्या सहसा हा दुसरा मागतात. तो किती वर्षांसाठी मागितलाय, मुदत संपल्यावर परत मिळणार का, आणि रेकॉर्डिंगचा खर्च तुमच्याच वाट्यातून कापणार का, एवढं तरी वकिलाला विचारच. पण रचनेवर कोणाची नावं, हे कंपनी ठरवणार नाही. ते तुम्हा चौघांनाच ठरवायचंय, आणि पैसे यायच्या आधी.

आर.ई.एम. या अमेरिकन बँडचं उदाहरण मी नेहमी देतो. 1980 साली एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला ते पहिल्यांदा वाजवायला उभे राहिले. पहिला पूर्ण अल्बम 1983 मध्ये आला, मोठ्या कंपनीशी करार 1988 मध्ये झाला. सुरुवातीपासून त्यांच्या गाण्यांवर चौघांची नावं असायची, कोणी किती लिहिलं याचा हिशेब न मांडता. द स्मिथ्स या ब्रिटिश बँडमध्ये असं काही नीट ठरलेलं नव्हतं. गाणी लिहिणारे दोघं कार्यक्रमांच्या आणि रेकॉर्डिंगच्या कमाईतले प्रत्येकी 40 टक्के घेत, बास आणि ड्रम्सवाल्यांना 10-10. बँड 1987 मध्ये फुटला आणि ड्रमर कोर्टात गेला. 1996 मध्ये कोर्टाने निकाल दिला की चौघंही समान भागीदार, ड्रमरचा वाटा 25 टक्के. तोवर मैत्री उरली नव्हती.

आमच्या बँडचंही असंच झालं, फक्त कोर्टापर्यंत गेलं नाही. आमचं एक गाणं जाहिरातीसाठी घेतलं गेलं. त्यातला सगळ्यांना आवडणारा बासचा तुकडा मी बांधला होता. गाण्यावर माझं नाव नव्हतं. कोणी मला फसवलं नाही. हा विषय कधी निघालाच नव्हता, आणि निघाला तो पैसे आल्यावर. सहा महिन्यांत बँड संपला. ज्या ड्रमरसोबत रोज चार तास वाजवायचो, त्याच्याशी मी नऊ वर्षं बोललो नाही. त्याच्या लग्नालाही गेलो नाही. ते अजून टोचतं.

तेव्हा या आठवड्यातच चौघं बसा आणि कागदावर लिहा: कोणत्या गाण्यावर कोणाची नावं, कोणाचा किती वाटा, मानधनातून आधी कोणता खर्च वजा करायचा, कोणी सोडून गेलं तर त्याच्या वाट्याचं काय, बँडचं नाव कोणाकडे राहणार. खाली चौघांच्या सह्या. समान वाटे करा असं माझं मत आहे, पण वेगळं ठरलं तरी चालेल. ठरलेलं असू दे.

दुसरी काळजी वेगाची. आर्क्टिक मंकीज या ब्रिटिश बँडचं उदाहरण देऊन सगळे सांगतात की त्यांना इंटरनेटने वर आणलं. ती पोरं आधी कार्यक्रमांत स्वतः सीडी करून फुकट वाटत होती. ऐकणाऱ्यांनीच ती गाणी पुढे पसरवली. जानेवारी 2006 मध्ये पहिला अल्बम आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात साडेतीन लाखांहून जास्त खपला. त्याच वर्षी जूनपर्यंत त्यांचा बासवाला, अँडी निकोल्सन, दौऱ्यांच्या थकव्यानंतर बँडबाहेर पडलेला होता. चार-पाच महिने फक्त! तुमच्याकडे आलेल्या कार्यक्रमांच्या तारखांपैकी निम्म्याच घ्या असं मी म्हणतो ते यासाठी. मध्ये झोपायला आणि नवीन गाणं बसवायला दिवस हवेत.

आणि कान जपा. 85 डेसिबल आवाजात आठ तास चालतं. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, म्हणजे 100 ला फक्त पंधरा मिनिटं. बंद खोलीत ड्रम्सजवळ आवाज सहज तिथे पोचतो. मी वर्षानुवर्षं हाय-हॅटच्या, म्हणजे ड्रम्सच्या झांजांच्या जोडीच्या, बाजूला उभा राहायचो; माझ्या डाव्या कानात आता सतत शिटी वाजते, रात्री जास्त. संगीतकारांसाठीचे इअरप्लग मिळतात, ते चौघांनी प्रॅक्टिसलाही घालायचे.

नवीन गाणं झालं की मला पाठव. स्टुडिओतलं नको, प्रॅक्टिसच्या खोलीत फोनवर केलेलं पाठव, मधलं तुमचं बोलणं न कापता. आणि त्या मुलीला विचार, तार तुटली तेव्हा तिने तो सूर मनात ठरवून धरला की बोट आपोआप गेलं. तिचं उत्तर मला कळव.

तुझा,
दादा