गटाराचा हिशेब मोबाईलवर

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर वाढदिवस, उद्घाटनं, सत्कार सगळं येतं. आमच्या गल्लीतल्या गटाराला किती खर्च आला एवढं मी विचारलं, तर दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकतात. आता हिशेब कुठं मागायचा?
– एक वाचक भगिनी, करवीर तालुका

उत्तर : ताई, तुमचं विचारणं रास्तच होतं. ग्रुपचा नाद सोडा आणि मोबाईलवर केंद्र सरकारची ई-ग्रामस्वराज ही वेबसाइट उघडा. पासवर्ड लागत नाही. जिल्हा, तालुका, गाव, वर्ष निवडलं की गावचा विकास आराखडा दिसतो आणि वित्त आयोगाच्या निधीतून कुणाला किती पैसे दिले तेही दिसतं. मी ग्रामसेवक म्हणून नोकरी केली आहे, म्हणून सांगतो : आराखड्यातलं काम आणि खर्चाची नोंद शेजारी ठेवून वाचा. नुसतं ‘गटार बांधकाम’ लिहिलंय, कुणाच्या घरापासून कुठवर ते नाही, असं दिसलं की तिथंच बोट ठेवा.

गटार खरंच तेवढं लांब झालं का, हे मात्र वेबसाइट सांगणार नाही. त्यासाठी कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करायला सांगणारा कागद) आणि मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं लिहितात ती वही) यांच्या प्रती माहिती अधिकारात मागा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. अर्जाची पोहोच घ्या. प्रत हातात आली की चार बायका मिळून टेप घेऊन गल्लीत उतरा. खरं तर असली माहिती कार्यालयांनी आपणहून जाहीर करावी, असं 2005 च्या कायद्याचं कलम 4 सांगतं.

उघड्या आकड्याची ताकद आपल्याला पावसाळ्यात कळते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. रोजचा आकडा मोबाईलवर येतो आणि त्यावरून नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीची माणसं जनावरं कधी हलवायची ते ठरवतात. तिथं कुणी ‘तुम्हाला कशाला पंचायती’ म्हणत नाही. मग गावच्या पैशाचा आकडा झाकायचं कारण काय?

येत्या ग्रामसभेत बचत गटाच्या बायकांना सोबत घेऊन लेखी मागणी द्या : काम सुरू होण्याआधी अंदाजपत्रक आणि ठेकेदाराचं नाव ग्रुपवर टाकायचं, शंकांना तिथंच उत्तर द्यायचं, आणि तोच कागद चावडीच्या फलकावरही लावायचा, कारण गावात स्मार्टफोन नसलेली म्हातारी माणसं पुष्कळ आहेत. मागणी इतिवृत्तात लिहिली गेली का, ते सभा उठायच्या आत वाचून घ्या.