बर्फ तर वरच तरंगतो, मग ग्लासातलं तळाचं पाणी गार कसं होतं?

बर्फाला टेकलेलं पाणी आपली उष्णता त्याला देतं, गार होऊन जड होतं आणि खाली बसतं. तळाचं कोमट पाणी वर येतं. पाणी साधारण ४ अंश सेल्सिअसला येईपर्यंत हे अभिसरण चालतं. ४ अंशांपेक्षा गार झालेलं पाणी उलट हलकं होऊन वरच राहतं, मग उष्णता फक्त वहनाने, म्हणजे पाणी न हलता एका कणाकडून दुसऱ्या कणाकडे, अगदी संथ सरकते. १ ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी लागतात. खरा गारवा यातूनच येतो.

सरबताचं मात्र वेगळं. कोल्हापुरात रंकाळा तलावावर बर्फ घातलेलं कोकम सरबत घेतलंत तर न ढवळता जरा वेळ बघा की, वर फिकट थर दिसेल. वितळलेल्या पाण्यात साखर नसते, ते हलकं असतं, खाली उतरतच नाही. तिथं चमचा फिरवायलाच हवा.