गटात तीस जण, कामाला पाचच: स्वयंसेवकांची टीम कशी सांभाळावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात तीस जण आहेत, कामाला मात्र तेच ते पाच-सहा चेहरे दिसतात. पगार देत नाही, त्यामुळे कुणाला बोलायचीही सोय नाही. अशी टीम चालवायची कशी, आणि थोडं मानधन सुरू केलं तर फरक पडेल का? एका लहान संस्थेत स्वयंसेवकांचं नियोजन मी बरीच वर्षं सांभाळते आहे, त्या जोरावर लिहिते.

'हल्ली लोकांना तळमळच राहिली नाही' हे वाक्य कार्यकारिणीच्या बैठकीत कुणी ना कुणी म्हणतंच. मला ते पटत नाही. ज्यानं आपणहून नाव दिलं, त्याला काहीतरी करायचं होतंच. तो गळतो त्याची कारणं बहुतेक वेळा आपल्याकडे असतात. नेमकं काय करायचं ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं, आणि एकदा हो म्हटलं की सुटका कधी, याचा त्याला अंदाज येत नाही. तेव्हा माझा सल्ला असा की लोकांना प्रोत्साहन देण्यात जेवढा वेळ जातो, त्यातला निम्मा काम बेतून ठेवण्यात घाला.

म्हणजे काय, ते सांगते. गटात संदेश पडतो: 'रविवारी रक्तदान शिबिर आहे, जास्तीत जास्त स्वयंसेवकांनी उपस्थित राहावे ही नम्र विनंती.' खाली जोडलेले हात, अंगठे, दोन-चार 'नक्की'. आणि रविवारी आपले नेहमीचेच. आता हेच एकेकाला वेगळं लिहून बघा: 'नमस्कार ताई, रविवारी सकाळी नऊ ते साडेअकरा नोंदणीच्या टेबलावर एक जण हवंय. फॉर्म भरून घ्यायचे आणि नाव यादीत टिपायचं, एवढंच काम. अनोळखी माणसाशी तुम्ही छान बोलता, म्हणून आधी तुम्हाला विचारतेय. जमणार नसेल तर गुरुवारपर्यंत सांगा, मी दुसरं कुणी बघते.' यात वेळ आहे, जागा आहे, काम आहे, तिलाच का विचारलं ते आहे, आणि नाही म्हणायची मोकळीकही आहे. ही मोकळीक फार महत्त्वाची. ती नसली की लोक तोंडावर हो म्हणतात आणि ऐन दिवशी फोन उचलत नाहीत.

काम सगळ्यांचं मिळून असलं की प्रत्येक जण थोडा सैल पडतो, माणसाची ही खोड जुनी आहे. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्यानं माणसांना दोरी ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. निष्कर्ष १९१३ मध्ये छापून आले. आठ जण मिळून ओढायला लागले की एकेकाचा सरासरी जोर एकट्यानं ओढतानाच्या जवळजवळ निम्म्यावर येत होता. याचा थोडा भाग सगळ्यांचा हिसका एकाच वेळी न बसल्यामुळे. पण पुढे १९७९ मध्ये बिब लातानी या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना ओरडायला आणि टाळ्या वाजवायला लावलं, तेव्हा 'आपल्याबरोबर इतरही ओरडताहेत' असा नुसता समज करून दिला तरी आवाज कमी झाला. नंतरच्या प्रयोगात प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय हे कळल्यावर ही ढिलाई जवळपास नाहीशी झाली. तुमच्या गटातले पंचवीस जण आळशी असतीलच असं नाही. त्यांना फक्त सामूहिक हाक ऐकू येते आहे. प्रत्येक कामापुढे एकच नाव लिहा. 'प्रसिद्धी समिती' असं लिहू नका, त्या समितीतलं एक नाव लिहा.

मुदतीचंही तसंच. 'आमच्याबरोबर काम करा' यातून किती काम, किती दिवस, काहीच कळत नाही. 'तीन महिने, एक शनिवार सोडून एक, दोन-दोन तास. मग आपण बसून बोलू' हे कळतं. मुदत संपली की खरंच बसा आणि खरंच विचारा. बरेच जण पुढची मुदत घेतात. जे घेत नाहीत ते चांगल्या मनानं जातात आणि पुन्हा कधी हाक मारली तर येतात. ज्यांना दोन तासही ठरावीक देता येत नाहीत त्यांच्यासाठी आणखी बारीक तुकडे पाडा: एक पत्र तपासून देणं, चार फोन करणं. विकिपीडिया २००१ पासून बिनपगारी माणसांच्या जोरावर उभा आहे, त्याचं एक कारण हेच आहे की तिथं एका चुकलेल्या वेलांटीपासून सुरुवात करता येते.

नवीन माणूस आला की त्याला काम सांगण्याआधी एक प्रश्न विचारा: 'तुम्हाला यातून काय मिळालं तर बरं वाटेल?' थोडा अवघड वाटतो, पण विचाराच. क्लॅरी आणि स्नायडर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये स्वयंसेवकांच्या हेतूंची सहा गटांत मांडणी केली. कुणी मूल्यांपोटी येतो, कुणाला काही शिकायचं असतं, कुणाला नोकरी-व्यवसायात उपयोग हवा असतो. कुणी चार माणसांत मिसळायला येतो, कुणाला आपण उपयोगी आहोत असं वाटायला हवं असतं, तर कुणाला स्वतःच्या अडचणींचा थोडा वेळ विसर हवा असतो. यातला कुठलाही हेतू हलका नाही. घोटाळा होतो तो आपण परस्पर ठरवतो तेव्हा. आयुष्यभर आकडेमोड करून निवृत्त झालेले काका आले की कार्यकारिणीचे डोळे चमकतात आणि जमाखर्चाची वही त्यांच्या हातात जाते. काकांना खरं तर मुलांच्या अभ्यासवर्गात बसायचं असतं. ते सज्जनपणे वर्षभर वही लिहितात आणि मग 'तब्येत बरी नसते' म्हणून येणं थांबवतात.

आता अधिकाराबद्दल, कारण चांगली माणसं इथंच जातात. एका मुलीला आपण कार्यक्रमाचं पोस्टर करायला सांगतो. ती रात्री जागून करते, गटात टाकते. मग अध्यक्षांना निळा रंग नको असतो, सचिवांना बोधचिन्ह मोठं हवं असतं, कुणाला पाहुण्यांच्या नावाआधी 'माननीय' हवं असतं, आणि रात्री अकराला आणखी कुणी म्हणतं, 'आधीचंच बरं होतं.' ती पुढचं पोस्टर करत नाही, आणि आपण म्हणतो मुलांमध्ये चिकाटी नाही! काम देतानाच तीन गोष्टी स्पष्ट करा: कुठला निर्णय तिनं एकटीनं घ्यायचा, कुठला घेऊन नंतर कळवायचा, आणि कुठल्यासाठी आधी विचारायचं. पैसे, लहान मुलांची सुरक्षितता आणि संस्थेच्या नावानं जाहीर निवेदन या गोष्टी तिसऱ्या खान्यात. तिथं सैलपणा नको. पोस्टरचा रंग पहिल्या खान्यात. तुम्हाला न आवडणारा निळा रंग सहन करणं हा तुमच्या पदाचा भाग आहे.

पहिल्या दिवशी कुणी आलं आणि कोपऱ्यात उभं राहिलं, असं होऊ देऊ नका. कुणाला भेटायचं, सामान कुठं, किती वाजता सुटका, एवढं आधी कळवलं तरी पुरे. आणि कामाचा परिणाम दाखवा. अ‍ॅडम ग्रँट या मानसशास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या कर्मचाऱ्यांची एका शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी अवघी काही मिनिटं गाठ घालून दिली. महिन्याभरानंतर त्यांचा फोनवरचा वेळ आणि जमवलेली रक्कम, दोन्ही दुपटीहून अधिक झाली होती. ती माणसं पगारी होती, पण मुद्दा आपल्यालाही लागू आहे. प्रमाणपत्रं वाटण्यापेक्षा अशी एक भेट घडवणं मी केव्हाही पसंत करीन.

मानधनाचं विचारलंत. घाई करू नका. उरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी इस्रायलमध्ये घरोघरी फिरून देणगी गोळा करणाऱ्या शाळकरी मुलांवर प्रयोग केला, तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्या मुलांनी सर्वांत जास्त रक्कम जमवली. एक टक्का मोबदला कबूल केलेल्यांनी सर्वांत कमी, आणि दहा टक्केवाले मधे. थोडेसे पैसे दिले की काम मजुरीच्या मापानं मोजलं जातं, आणि त्या मापानं आपली रक्कम नेहमी क्षुल्लक ठरते. एखादं काम रोजचं आणि जोखमीचं असेल तर सरळ पगारी माणूस नेमा. स्वयंसेवकाच्या खिशातून गेलेला प्रवासखर्च, छपाई, फोन मात्र न मागता आणि वेळेवर परत करा. तो मोबदला होत नाही, आणि तो मागायला लागणं माणसाला लाजवतं.

'पगार देत नाही म्हणून बोलता येत नाही' हे तर मला अजिबात मान्य नाही. एकाच्या बेफिकिरीचा भार दुसऱ्या बिनपगारीच माणसावर पडतो. त्याच्या वतीनं बोलावंच लागतं. गटात नाही, एकट्यात, आणि लवकर. 'काका, मागच्या दोन्ही शनिवारी वर्गाची किल्ली तुमच्याकडे होती आणि मुलं अर्धा तास बाहेर थांबली. काही अडचण आहे का? हे काम जमत नसेल तर दुसरं बघू, पण किल्लीचं आज ठरवायला हवं.' झालेली गोष्ट, तिचा परिणाम, पुढचा पर्याय. स्वभावावर घसरू नका. आणि कुणी इतरांचा अपमान करत असेल, तर तो कितीही जुना आणि कष्टाळू असला तरी त्याला थांबवा. त्याच्यामुळे गुपचूप निघून गेलेल्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही.

तुमच्या त्या पाच-सहा जणांचीही काळजी घ्या. जो कधीच नाही म्हणत नाही त्यालाच आपण सगळं देत जातो. त्यांच्या प्रत्येक कामाला एक जोडीदार द्या, म्हणजे सुट्टी घेता येईल.

उरलेल्या पंचवीस नावांसाठी या आठवड्यात एक काम करा. गटात काही लिहू नका. रोज चार-पाच जणांना फोन करा आणि तीनच पर्याय ठेवा: एखादं ठरावीक छोटं काम, नुसती माहिती मिळत राहणं, किंवा नाव कमी करणं. तिसरा पर्याय घेणाऱ्याला आभार मानून लगेच मोकळं करा. दुसरा घेणाऱ्यांचा वेगळा गट करा. मग जे आठ-दहा उरतील त्यांची नावं कागदावर घ्या आणि प्रत्येकापुढे काम आणि तारीख लिहा.