पहिली दोरी कोणती घ्यावी?

लाँगबोला (लांब, साध्या धनुष्याला) पहिली दोरी डॅक्रॉनचीच (पॉलिएस्टर धाग्याची) घ्या. ती थोडी ताणते, म्हणून बाण सुटताना धनुष्याच्या टोकांना बसणारा धक्का सौम्य होतो. डायनीमा हा दुसरा कृत्रिम धागा जवळपास ताणतच नाही. बाण जरा वेगात जातो खरा, पण टोकं मजबूत केलेली नसतील तर खाचेपाशी चिरतात. तातीची (जनावराच्या आतड्याची किंवा स्नायूतंतूंची) दोरी खानापूरकडच्या पावसात ढिली पडते; ती आत्ता नकोच.

४० पौंड ओढीच्या धनुष्याला बी-५० या डॅक्रॉन धाग्याचे १२ पदर पुरतात. ६६ इंची धनुष्याला दोरी ६३ इंच.

नवशिके इथे चुकतात:
- नवी दोरी ताणून मुठीजवळ येते आणि मनगटाला फटका बसतो. उतरवून पीळ वाढवा.
- मेण लावत नाहीत, पदर पिंजतात.
- बाणाशिवाय दोरी सोडतात. हे कधीच नको, धनुष्य मोडतं.