पहिल्या हॅकॅथॉनला निघालेल्या मुलीस

पोरी,

तुझा निरोप मिळाला. हॅकॅथॉनच्या, म्हणजे टीमने सलग २४ तास बसून एखादं ॲप बनवायच्या स्पर्धेच्या, टीममध्ये नाव दिलंयस आणि आता धास्ती वाटतेय. कोडिंग जेमतेम दोन सेमिस्टरचं, शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी बोलताना जीभ अडखळते, आणि रात्रभर कॉलेजात राहायचं हे घरी सांगायचं कसं. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो सुटला नाही तर बाकीचे उरतच नाहीत.

आयोजक मुलांना आजच फोन कर. रात्री कोणते प्राध्यापक हजर असणार, मुलींना पाठ टेकायला वेगळी खोली आहे का, रात्री कॅम्पसच्या बाहेर सोडतात का, हे विचार. उत्तरं मेसेजवर लिहून माग आणि तो मेसेज बाबांना दाखव. विद्यार्थ्यांनी भरवलेल्या स्पर्धेत या गोष्टी मुद्दाम टाळलेल्या नसतात. कुणी विचारेपर्यंत त्या पोरांच्या डोक्यातच आलेल्या नसतात. तू विचारलंस की तिथे येणाऱ्या सगळ्याच मुलींची सोय होईल.

ती मुलं तुझ्याच वयाची आहेत हे दोन्ही दिवस लक्षात असू दे. दोन महिने त्यांनी आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांचे उंबरे झिजवले असतील, चार-पाच हजारांच्या प्रायोजकासाठी. म्हणून वेळापत्रकात अकरा लिहिलेलं साडेबाराला सुरू होईल. नाडगीत म्हणजे कर्नाटकाचं राज्यगीत, दीपप्रज्वलन, पाहुण्यांची भाषणं होतील, जेवण उशिरा येईल, आणि दीडशे लॅपटॉप एकदम जोडले गेले की वायफाय मान टाकेल. लागणारी सगळी पॅकेजेस, म्हणजे तयार कोडचे संच, शुक्रवारी घरीच उतरवून ठेव, मोबाइलचा डेटा शिल्लक ठेव, एक एक्स्टेंशन बोर्ड आण आणि त्यावर तुझं नाव चिकटव. चादरही आण. आपल्याकडची पहाट गार असते आणि लॅबमधला एसी कुणी बंद करत नाही.

हॅकॅथॉन या शब्दाची गोष्ट तुला आवडेल. जून १९९९मध्ये ओपनबीएसडी या संगणक प्रणालीवर काम करणारे १० जण कॅनडातल्या कॅलगरीत जमले आणि त्या बैठकीला हे नाव पडलं. अमेरिकेच्या निर्यात कायद्यामुळे सांकेतिक सुरक्षेचं सॉफ्टवेअर तिथून बाहेर पाठवण्यात अडचणी होत्या, म्हणून ते सीमेच्या पलीकडे जाऊन बसले. बक्षीस नव्हतं, परीक्षक नव्हते. एका खोलीत बसून, शेजाऱ्याला विचारत काम पुढे न्यायचं, एवढंच होतं.

आता विषयाचं. तू लिहिलंयस की टीमला ‘सगळ्या विणकरांसाठी ॲप’ करायचंय. वडगाव-शहापूरचे माग तुम्ही लहानपणापासून ऐकलेत, तेव्हा विषय तुमचाच आहे. पण लॉगिन, पेमेंट, एआय, तीन प्रकारचे डॅशबोर्ड हे सगळं २४ तासांत होत नाही. त्या आधीच्या आठवड्यात एका विणकराच्या घरी जाऊन बस. हिशोब कसा ठेवतात ते बघ. आठवड्यात किती साड्या उतरल्या, दर काय, उचल किती घेतली, हातात किती आले. त्यांची वही बघितलीस की ॲप केवढं लहान असायला हवं ते कळेल. चार आकडे भरायचे आणि एक पावती, मराठीत आणि कन्नडमध्ये. एवढी एकच वाट सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालली पाहिजे. कल्पना आधी ठरवलेली सहसा चालते, कोड मात्र तिथेच लिहावं लागतं. तरी नियम विचारून घे.

पावतीवरून आठवलं, इथे हमखास ठेच लागते. पीडीएफ बनवणाऱ्या तयार कोडच्या बऱ्याच लायब्ऱ्यांना आपली लिपी नीट जुळवता येत नाही. जोडाक्षरं फुटतात, वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाते, आणि कन्नडचेही तेच हाल होतात. रात्री दोनला त्याच्याशी झुंजू नकोस. पावती साधं वेबपान म्हणून दाखव आणि ब्राउझरच्याच प्रिंटमधून पीडीएफ काढ. ब्राउझर अक्षरं बरोबर जुळवतो.

आणि अडलीस तर अर्ध्या तासाच्या आत उठ. हे मी कळकळीने सांगतेय. माझ्या पहिल्या हॅकॅथॉनमध्ये माझं पान संगणकाच्या एका पोर्टवर, म्हणजे एका क्रमांकाच्या दारावर, होतं आणि सर्व्हर दुसऱ्यावर. ब्राउझर सर्व्हरचं उत्तर अडवत होता आणि ब्राउझरच्या चुका दाखवणाऱ्या कन्सोलमध्ये लाल ओळ दिसत होती. इंग्रजीत विचारायची लाज वाटली म्हणून चार तास मी सगळं पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसले. पहाटे हुबळीकडचा एक स्वयंसेवक चहा घेऊन आला. मी मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं. त्याने सर्व्हरमध्ये परवानगीची एक ओळ घातली आणि पाच मिनिटांत पान चालू झालं. दुसऱ्या ठिकाणच्या पानाला उत्तर वाचू द्यायच्या या परवानगीला कॉर्स म्हणतात हे त्या दिवशी कळलं. ते चार तास माझ्या टीमचे होते, आणि मी ते लाजेपायी घालवले. तू मराठीत विचार, कन्नडमध्ये विचार, स्क्रीनकडे बोट दाखवून विचार. त्या हॉलमध्ये निम्म्यांच्या घरी दोन भाषा असतात, तुझ्या बोलण्यावर कुणी हसणार नाही.

अजून एक, आणि हे मी तुला मुलगी म्हणूनच सांगतेय. केंद्र सरकारच्या, २०१७पासून होणाऱ्या स्मार्ट इंडिया हॅकॅथॉनमध्ये सहा जणांच्या टीमात किमान एक मुलगी हवी असा नियम आहे. नियम चांगलाच आहे, पण त्यातून ‘पीपीटी तू कर, बोलशील तू’ अशी वाटणी मी फार टीमांत पाहिली. छोट्या स्पर्धांतही तेच घडतं. पहिल्या तासातच सांग, ‘पावतीचं पान मी लिहिणार.’ चुकेल, अडेल, तरी ते तुझं असू दे. पीपीटी शेवटी सगळ्यांनी मिळून तासाभरात होते.

सादरीकरणाला तीन ते पाच मिनिटं मिळतात. त्यांतलं एक मिनिट ओळख करून देण्यात घालवू नका. थेट विणकराच्या वहीचा फोटो दाखवा, त्याला विचारून काढलेला, आणि मग ॲप. रेंडरसारख्या होस्टिंगवर, म्हणजे इंटरनेटवर सर्व्हर ठेवायच्या सेवेवर, फुकट ठेवलेला सर्व्हर १५ मिनिटं कुणी फिरकलं नाही की झोपतो आणि उठायला मिनिटभर घेतो. तेव्हा तुमचा नंबर येण्याआधी पान एकदा उघडून ठेवा, आणि चालतं ॲप मोबाइलवर रेकॉर्ड करूनही ठेवा. जे झालं नाही ते ‘झालं नाही’ असं सरळ सांगा. मी परीक्षक म्हणून बसते तेव्हा मला तेच उत्तर सगळ्यांत विश्वासाचं वाटतं.

बक्षिसाचं फार मनावर घेऊ नकोस. निकालानंतर त्या विणकराकडे पावती घेऊन जा आणि ती त्याला वाचता येते का ते बघ.

बाबांशी मी बोलावं असं वाटत असेल तर रविवारी संध्याकाळी फोन लाव. तोवर आयोजकांचा मेसेज आलेला असला तर बरं, मला पुढे पाठव.

तुझी,
ताई