स्लॅब फोडलेले नाणे आणि दुसऱ्या ग्रेडिंगचा निकाल

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात राहतो आणि नाण्यांचा संग्रह करतो. चौदा महिन्यांपूर्वी पुण्यातील एका विक्रेत्याकडून सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया १,४०,००० रुपयांना घेतला. तो एका भारतीय ग्रेडिंग कंपनीच्या (नाणे तपासून त्याच्या अवस्थेची श्रेणी ठरवणाऱ्या) सीलबंद स्लॅबमध्ये, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिक पेटीत होता आणि लेबलवर ‘एमएस-६२’ (एमएस म्हणजे ‘मिंट स्टेट’, चलनात न वापरलेले नाणे) अशी श्रेणी होती. अधिक नावाजलेल्या सेवेचे लेबल मिळाले तर किंमत वाढेल, या विचाराने मी घरीच स्लॅब फोडला आणि नाणे दुसऱ्या सेवेकडे दिले. तिथून ते ‘डिटेल्स, क्लीन्ड’, म्हणजे नाणे अस्सल पण साफ केलेले, असा शेरा घेऊन, अंकी श्रेणीशिवाय परत आले. विक्रेता पैसे परत करायला तयार नाही. पहिली कंपनी म्हणते, स्लॅब फोडला तेव्हाच हमी संपली. एक मित्र सुचवतो की हे नाणे आणि घरातले १८६२ व १९११ चे रुपये एजंटामार्फत अमेरिकेला ग्रेडिंगसाठी पाठवावेत, आणि तेही जमले नाही तर हा रुपया स्लॅबमधून काढून काही न बोलता विकून टाकावा. मी काय करावे?

उत्तर : सर्वप्रथम एक विनंती करतो. दुसऱ्या सेवेचा स्लॅब कोणत्याही कारणाने फोडू नका आणि पहिल्या स्लॅबचे तुकडे व लेबल जपून ठेवा. जुनी लेबले कंपनीला परत केली की तिच्या नोंदी दुरुस्त होतात, ही संग्राहकांमधली चांगली प्रथा आहे. पण वाद मिटेपर्यंत हे लेबल आपला पुरावा आहे. ते कोणाच्याही हाती देऊ नका.

आपल्या मनात ग्रेडिंग कंपनीविषयी अधिक राग आहे, असे पत्रावरून दिसते. मात्र कायद्याच्या दृष्टीने आपली बाजू तिथेच सर्वांत कमकुवत आहे. १ ते ७० च्या मापावर दिलेली श्रेणी हे तज्ज्ञाचे मत असते, आणि कंपनी त्या मताची हमी घेते ती नाणे तिच्या सीलमध्ये असेपर्यंतच, कारण हे लेबल याच नाण्याचे आहे एवढे सिद्ध करणारा दुवा तो सील हाच असतो. सील तुटल्यावर हमी संपण्याची अट जगातील जवळपास सर्व ग्रेडिंग सेवांच्या नियमांत आहे, आणि ती अन्यायकारक आहे असे कोणत्याही ग्राहक आयोगाला पटवणे मला अवघड दिसते. सेवा बदलण्याचा सुरक्षित मार्ग उपलब्ध होता, म्हणूनही हे अधिक जाणवते. ‘क्रॉसओव्हर’ या पद्धतीत नाणे जुन्या स्लॅबसहित दिले जाते, आपल्याला मान्य असलेली किमान श्रेणी अर्जात लिहिली जाते, आणि तेवढी श्रेणी मिळत नसेल तर नाणे जुन्या स्लॅबमध्येच, सील न मोडता परत येते. आपण तो मार्ग घेतला असता तर पहिली हमी आज शाबूत असती.

विक्रेत्याविरुद्धचा दावा मात्र स्लॅबबरोबर संपलेला नाही. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे, ही करारातील गर्भित अट असते. त्यामुळे पावतीवर नेमके काय लिहिले आहे यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. ‘१९३९ रुपया, एमएस-६२’ असे लिहिले असेल तर ती श्रेणी हे विक्रेत्याने स्वतः केलेले वर्णन ठरते. याउलट ‘अमुक कंपनीने एमएस-६२ ग्रेड केलेला रुपया’ असे शब्द असतील, तर मी जे लिहिले तेच दिले, त्या कंपनीने ती श्रेणी खरोखरच दिली होती, असा बचाव तो घेईल आणि त्या बचावात तथ्य असेल. सुदैवाने आपण पत्रासोबत जोडलेल्या व्हॉट्सॲप संदेशात विक्रेत्याने ‘नाणे ओरिजिनल स्किनमध्ये (मूळ पृष्ठभागासह) आहे, कधीच क्लीन केलेले नाही’ असे स्वतः लिहिले आहे. माझ्या मते आपल्या संपूर्ण प्रकरणाचा आधार लेबलापेक्षा या एका वाक्यात अधिक आहे, कारण ते तिसऱ्या कोणाचे मत नसून वस्तुस्थितीविषयी विक्रेत्याने दिलेले आश्वासन आहे. तो संवाद पुसू नका, फोन बदलू नका, आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रासह त्याच्या प्रती आपल्या वकिलांकडून तयार करून घ्या.

खरी अडचण पुढे आहे. स्लॅब फुटल्यापासून दुसऱ्या सेवेच्या हाती पडेपर्यंत नाणे आपल्या घरी उघडे होते, आणि ते आपणच पुसले असा आरोप समोरचा पक्ष पहिल्याच तारखेला करील. त्याला शपथपत्राने उत्तर देता येईल, पण शपथपत्र एकटे पुरणार नाही. पहिल्या कंपनीच्या संकेतस्थळावर प्रमाणपत्र क्रमांक टाकला की नाण्याचे छायाचित्र दिसते, असे आपण कळवले आहे. ते आजच, पानाच्या पत्त्यासह आणि दिनांकासह जतन करा. विक्रेत्याने सौद्यापूर्वी पाठवलेली छायाचित्रेही मूळ आकारात ठेवा. नाणे घासले की पृष्ठभागावर एकाच दिशेने जाणारे केसासारखे बारीक ओरखडे उमटतात, आणि राजाच्या मुखवट्यामागील मोकळ्या भागात ते सहज दिसतात. तेच ओरखडे जुन्या छायाचित्रांत आढळले, तर नाणे आपल्या हाती येण्याआधीच साफ केलेले होते हे सिद्ध होईल. एखाद्या जाणकार नाणेतज्ज्ञाने नव्या स्लॅबमधूनच नाणे पाहून आणि छायाचित्रांशी ताडून लेखी मत द्यावे, व ते शपथपत्रावर द्यावे. नव्या स्लॅबचे नुसते लेबल दाखवल्याने तज्ज्ञाची साक्ष दाखल झाली असे होत नाही.

पैसे पूर्ण परत मिळतील का, हा आपला थेट प्रश्न आहे. चौदा महिने माल ठेवून घेतल्यावर आणि त्याचे आवेष्टन मोडल्यावर तो नाकारून संपूर्ण किंमत मागण्याचा अधिकार माल विक्री कायद्याखाली बहुधा उरलेला नाही. कलम १३ आणि ४२ एकत्र वाचले असता, स्वीकारलेल्या मालाबाबत सामान्यतः नुकसानभरपाईच मागता येते. ही भरपाई म्हणजे न साफ केलेल्या एमएस-६२ रुपयाची आणि आपल्या हातातील साफ केलेल्या रुपयाची त्या वेळची बाजारातील किंमत यांतील फरक होय. म्हणून अलीकडच्या लिलावांचे भाव गोळा करा. विक्रेत्याला खरी स्थिती माहीत होती असे दाखवता आले, तर करार कायद्याच्या कलम १९ खाली करारच रद्द करून पैसे परत मागता येतील. परंतु आज आपल्याकडे त्याचा पुरावा दिसत नाही आणि तो नसताना फसवणुकीचा शब्द नोटिशीत घालू नये. पोलिसांत फिर्याद देण्याचा मित्रांचा आग्रहही याच कारणासाठी मान्य करू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालील गुन्ह्यासाठी सौदा होतानाच अप्रामाणिक हेतू असावा लागतो, आणि दोन ग्रेडिंग सेवांच्या मतांतील तफावत म्हणजे तो हेतू नव्हे.

तक्रारीचे योग्य ठिकाण सांगलीतील जिल्हा ग्राहक आयोग हे आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे पुण्याला खेपा घालण्याची गरज नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. ती दुसऱ्या सेवेचा निकाल कळला त्या दिवसापासून मोजावी असा युक्तिवाद करता येईल, पण मी खरेदीच्या दिवसापासूनच मोजतो, म्हणजे आपल्या हाती दहा महिने आहेत. एक गोष्ट स्पष्टपणे विचारतो : आपण नाणी नियमित विकता का? पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी हेतूने घेणारा या कायद्यात ‘ग्राहक’ नसतो, आणि ‘किंमत वाढेल म्हणून’ हे आपलेच शब्द समोरचा वकील वाचून दाखवील. आपण वर्षानुवर्षे संग्रह करणारे असाल आणि विक्री क्वचितच केली असेल, तर तसे तक्रारीतच प्रामाणिकपणे लिहा. विक्री हा आपला व्यवसाय असेल, तर आयोगाऐवजी दिवाणी न्यायालयाचा मार्ग घ्यावा लागेल. कोणताही मार्ग घेतला तरी त्याआधी वकिलामार्फत, पंधरा दिवसांची मुदत देणारी, संयत शब्दांतली नोटीस पाठवावी.

आता अमेरिकेचा विषय. मला सर्वाधिक काळजी याचीच वाटते, कारण पैशाचा वाद पुढेमागे मिटतो, पण या बाबतीत तुरुंगवासाची तरतूद आहे. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, १९७२ प्रमाणे किमान शंभर वर्षे अस्तित्वात असलेले नाणे ही पुरावस्तू आहे आणि केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली संस्था यांच्याशिवाय कोणालाही तिची निर्यात करता येत नाही. नाणे ग्रेडिंग होऊन परत येणार आहे, या सबबीवर खासगी व्यक्तीला सूट नाही. आपला १८६२ चा व्हिक्टोरियाचा रुपया आणि १९११ चा पाचव्या जॉर्जचा, राजाच्या वस्त्रावरील हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ‘पिग रुपी’ या नावाने ओळखला जाणारा रुपया, हे दोन्ही या व्याख्येत येतात. कलम २५ खाली किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा असून, सीमाशुल्क कायद्याखालील जप्ती वेगळी आहे. ही तरतूद स्वतः निर्यात करणाऱ्याला जशी लागू होते तशीच दुसऱ्याकरवी करवून घेणाऱ्यालाही होते, आणि नुसता प्रयत्नही त्यात येतो. म्हणजे एजंटाने पार्सलवर ‘भेटवस्तू’ लिहिले तरी आपण सुटत नाही, उलट खोट्या घोषणेची भर पडते. या दोन रुपयांचे ग्रेडिंग भारतातच तपासणी करणाऱ्या सेवेकडून करून घ्या, आणि नाणे देण्यापूर्वी ते तपासणीसाठी देशाबाहेर जाणार नाही असे लेखी घ्या. १९३९ च्या रुपयाला २०३९ पर्यंत ही व्याख्या लागू होत नाही. तरीही तो आज पाठवू नये असेच मी सांगेन, कारण तो या वादातील मुख्य पुरावा आहे.

राहिली काही न बोलता विकण्याची सूचना. आपण केवळ गप्प राहिलात तर ती नेहमीच लबाडी ठरते असे करार कायदा म्हणत नाही. परंतु ‘क्लीन्ड’ शेऱ्याचा स्लॅब मुद्दाम फोडून तो शेरा नाहीसा करणे हे माझ्या मते कलम १७ मधील ‘सक्रिय लपवणूक’ आहे, आणि जुने एमएस-६२ चे लेबल दाखवून विकणे तर निःसंशय फसवणूक आहे. ज्या कृत्याचा संशय घेऊन आपण पुण्याच्या विक्रेत्याला नोटीस देणार आहात, तेच आपल्या हातून घडेल. तक्रारीचा निकाल लागल्यावर रुपया विकायचा झाल्यास तो आत्ताच्या स्लॅबमध्येच विका आणि दोन्ही सेवांचे शेरे पावतीवर लिहून खरेदीदाराची सही घ्या.